न्यूरोफीडबॅक : दावा, यंत्र आणि पुरावा

स्वतःच्या मेंदूची क्रिया त्याच क्षणी पडद्यावर पाहून ती बदलण्याचा सराव करणे, यास न्यूरोफीडबॅक म्हणतात. इच्छेबाहेरच्या शारीरिक क्रियांवर माणूस ताबा मिळवू शकतो काय, हा या क्षेत्राचा मूळ प्रश्न होय.

सन १९२४ मध्ये जर्मनीत हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूतील विद्युत्‌लहरींची पहिली नोंद घेतली व १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. १९२४ सालीच स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. गुजरातेतील डभोईत जन्मलेले हे मराठीभाषक अध्यापक त्यापूर्वी अमळनेरला शिकवीत असत. तापीकाठच्या रेल्वेने सुरतेशी जोडलेले हेच ते गाव.

योग्यांच्या दाव्यांची तपासणी पुढेही झाली. अमेरिकेतील वेंगर व बागची आणि दिल्लीचे बी. के. आनंद यांचा शोधनिबंध १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदय थांबविल्याचा दावा करणाऱ्यांचे हृदय विद्युत्‌आलेखात चालूच आढळले. श्वास कोंडून छातीतील दाब वाढविल्यामुळे नाडी तेवढी हाताला लागत नव्हती.

दरम्यान १९५८ च्या सुमारास शिकागो येथे जो कामिया यांनी, सूचना मिळत राहिल्यास माणूस आपल्या मेंदूतील अल्फा लहरी ओळखू शकतो, हे दाखविले. बॅरी स्टर्मन यांनी मांजरांवरील प्रयोगांनंतर १९७२ मध्ये अपस्माराच्या रुग्णावरील अनुभव मांडला. १९९० नंतर चुंबकीय प्रतिमांकनाने मेंदूतील रक्तप्रवाहाशी निगडित बदल दिसू लागले आणि १९९५ मध्ये त्या प्रतिमांचे तत्क्षणी विश्लेषण शक्य झाले. २००५ मध्ये डी-शार्म्स व सहकाऱ्यांनी वेदनेशी संबंधित भागावर ताबा मिळविण्याचा प्रयोग केला. त्यातील एका तुलनागटास दुसऱ्याच व्यक्तीच्या मेंदूची माहिती दाखविली होती.

अशा तुलनेचे मोल २०१७ मध्ये स्पष्ट झाले. अवधानदोष असलेल्या प्रौढांवरील जर्मन अभ्यासात खऱ्या व बनावट न्यूरोफीडबॅकने सारखीच सुधारणा झाली. म्हणजे गुण आला, पण तो मेंदूलहरींच्या प्रशिक्षणामुळेच आला असे ठरले नाही.

नाडी न लागणे हा जसा हृदय थांबल्याचा पुरावा नव्हे, तसाच पडद्यावरील बदल हा उपचाराचा पुरावा ठरत नाही. एकाग्रता वाढविणारी यंत्रे विद्यार्थ्यांसाठी सुचविली जातात, तेव्हा बनावट यंत्राशी तुलना झाली होती काय, हा प्रश्न अध्यापकांनी आधी विचारावा.