जनसंपर्काच्या धंद्याचा संघ

वकिलाची सनद गेली म्हणजे त्यास कोर्टांत उभें राहतां येत नाहीं. डॉक्टराचें नांव नोंदवहींतून निघालें म्हणजे त्याचा दवाखाना बंद होतो. जनसंपर्काचा व्यवसाय करणाऱ्यांनीं जे संघ स्थापिले त्यांच्या हातीं असें शस्त्र सहसा आलें नाहीं. मग अशा संघांत शिरणारा मनुष्य नेमका कशांत शिरतो, हा प्रश्न आम्हांस इतिहासाच्या अंगानें विचारावासा वाटतो.

या धंद्यांत वचन आधीं आलें, संघ मागाहून. १९०६ सालीं अमेरिकेंतील कोळशाच्या खाणमालकांचें काम करीत असतां आयव्ही ली यानें वृत्तपत्रांकडे एक जाहीरनामा धाडला. आपलें काम उघडपणें चालेल, माहिती बिनचूक असेल व ती ताडून पाहण्यास आपण साह्य करूं, असा त्याचा आशय. वचन उत्तम, परंतु तें मोडल्यास जाब विचारणारें कोणी नव्हतें. १९१४ सालीं कोलोरॅडोंतील लडलो येथें संपकरी खाणकामगारांच्या छावणीवर गोळीबार व जाळपोळ होऊन बायकामुलें मेलीं. त्यानंतर रॉकफेलर घराण्याची बाजू मांडण्यासाठीं याच लीनें पत्रकें काढलीं व त्यांत खोट्या गोष्टी निघाल्या. मालकांनीं पुरविलेली माहिती खरी कीं खोटी हें पाहण्याचा कांहींच यत्न आपण केला नव्हता, असें त्यानें चौकशीमंडळापुढें सांगितलें!

संघ निघाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४७ सालीं अमेरिकेंतील दोन संस्था एकत्र होऊन तेथील राष्ट्रीय संघ उभा राहिला. पुढच्याच वर्षीं लंडनला ‘इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक रिलेशन्स’ निघाली. तिचे पहिले अध्यक्ष सर स्टीफन टॅलेंट्स हे साम्राज्यांतला माल ब्रिटिश गिऱ्हाइकांच्या गळीं उतरविणाऱ्या एम्पायर मार्केटिंग बोर्डाचे एके काळचे चिटणीस होत. आपल्याकडे १९५८ मध्यें निघालेली ‘पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया’ १९६६ सालीं रीतसर नोंदली गेली, आणि १९६८ च्या दिल्लींतील परिषदेंत तिनें आंतरराष्ट्रीय आचारसंहिता स्वीकारली.

एवढ्यानें एडवर्ड बर्नेज याचें समाधान होईना. सरकारी परवान्यावांचून हा धंदा कोणासही करूं देऊं नये, असा आग्रह या वृद्धानें अखेरपर्यंत धरला. १९९५ सालीं तो वारला तेव्हां त्याचें वय १०३ होतें. त्याच्या सूचनेस स्वतः व्यवसायबंधूंचाच मोठा विरोध झाला. दुसऱ्याची बाजू लोकांपुढें मांडण्यासाठीं सरकारचा परवाना लागूं लागला, तर भाषणस्वातंत्र्य तें काय उरलें? आमच्या मतें हा आक्षेप खरा आहे. मात्र तो घेणाऱ्या सर्वांच्या मनांत स्वातंत्र्याचीच चिंता होती, असें समजण्याइतके आम्ही भोळे नाहीं.

परवाना नाहीं म्हणजे शिक्षेंत जोर नाहीं. १९८६ सालीं अमेरिकन संघाच्या अध्यक्षांवरच शेअरबाजारांतील गैरव्यवहाराचा आरोप आला. त्यांनीं अध्यक्षपद सोडलें, मग सभासदत्वाचाही राजीनामा दिला. आणि सभासदच न उरल्यामुळें संघाची चौकशी तेथेंच आटोपली. २००० सालीं त्या संघानें आपली संहिता नव्यानें लिहिली, तेव्हां शिक्षेपेक्षां शिक्षणावर भर दिला. लंडनच्या संस्थेस २००५ सालीं राजसनद मिळाली, तरी सभासद नसलेल्यास हा धंदा करण्याची मनाई कांहीं झाली नाहीं.

याच्या उलट एक उदाहरण आहे. लंडनची बेल पॉटिंजर ही मोठी पेढी. दक्षिण आफ्रिकेंतील गुप्ता कुटुंबाच्या कंपनीसाठीं तिनें जी मोहीम चालविली तिनें तेथील वर्णद्वेषास खतपाणी घातलें, अशी तक्रार झाली. पेढ्यांच्या ब्रिटिश संघानें चौकशी करून ४ सप्टेंबर २०१७ रोजीं तिला काढून टाकल्याचें जाहीर केलें. १२ तारखेस पेढीचा कारभार दिवाळखोरीच्या व्यवस्थापकांच्या हातीं गेला. धंदा बंद करण्याचा हुकूम तिला कोणीही दिला नव्हता. गिऱ्हाइकें तेवढीं निघून गेलीं होतीं.