जागा राखीव, आवाज कुणाचा?

"आपल्या लोकांना दिल्लीच्या निवडणुकीत रस उरला नाही," ही तक्रार बुलढाण्यात नेहमी ऐकू येते. दोष मतदाराचा की इतिहासाचा?

आणीबाणीनंतर १९७७ मध्ये बुलढाण्याच्या राखीव जागेवरून रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाचे दौलत गुणाजी गवई लोकसभेत गेले. खासदार आपला, पक्षही आपला. त्यानंतर १९८० ते २००४ जागा राखीवच राहिली. पण ती काँग्रेस, भाजप आणि शिवसेना यांच्यातच फिरली. खासदार अनुसूचित जातीचा, तिकीट मात्र दुसऱ्यांचे! १९३२ च्या पुणे करारानंतर संयुक्त मतदारसंघाचा नेमका हाच धोका बाबासाहेबांनी दाखवला होता. १९९८ च्या रिपब्लिकन ऐक्यातून राज्यात चार खासदार निवडून आले. शेजारच्या अकोल्यातून बाळासाहेब जिंकले. बुलढाणा काँग्रेसकडेच गेला.

२००९ मध्ये जागा खुली झाली. तरीही २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीने येथे दीड लाखाहून अधिक मते घेतली. उमेदवार बौद्ध नव्हता, आरक्षणही नव्हते. तरी वस्त्यांत पुन्हा निवडणुकीची चर्चा रंगली. कारण पक्ष आपला होता.

म्हणून मतदाराला उदासीन म्हणू नका. तो हिशेब मागतो आहे. तो द्यायची तयारी आपल्या गटागटांत विखुरलेल्या नेत्यांची आहे का?

जय भीम!