रेतीची राखण रेतीच करायची : बंडीच्या धावेपासून टिप्परच्या टायरपर्यंत

पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

रेतीघाट म्हटलं की आपल्या जिल्ह्यात तीनच गोष्टी निघतात. लिलाव कोणाला गेला, ब्रासचा भाव काय आणि काल रात्री कोणाचा ट्रॅक्टर धरला. मला आज चौथ्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे. चाकाबद्दल. नदी कशी रिकामी होत गेली, याचा निम्मा इतिहास चाकात आहे, आणि तो कोणी सांगत नाही.

उन्हाळ्यात वैनगंगेच्या पात्रात अनवाणी चालून बघा. वरची चार-सहा बोटं रेती कोरडी, भुसभुशीत. पाय घोट्यापर्यंत जातो, टाच मागे सरकते. दहा पावलं टाकली की पोटऱ्या भरून येतात. खालची ओली रेती मात्र घट्ट असते, कारण कणांमधलं पाणी त्यांना एकमेकांना धरून ठेवतं. धार जिथून नुकतीच हटली, तिथे सायकलसुद्धा चालते आणि वीस हातांवर कोरड्यात ट्रॅक्टर फसतो. नदीकाठच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

आता जुनी बंडी आठवा. लाकडी चाक, त्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव, रुंदी दोन-अडीच बोटं. पक्क्या वाटेवर ती छान पळते, पण रेतीत तीच धाव सुरीसारखी उतरते. सगळं वजन त्या पट्टीवर, मग चाक रुतणारच. टरबुजाच्या हंगामात ढिवर बांधवांच्या डांगरवाड्यांतून माल काठावर आणायचा तर बंडी अर्धी भरायची, चढावर दुसरी जोडी जुंपायची, दोन माणसांनी आऱ्यांना हात घालायचा. वाट फारच खराब असेल तर तणीस पसरायची, पळसाच्या फांद्या टाकायच्या, कुठे बांबूचे तट्टे अंथरायचे. नदीच्या रेतीतून वाट काढायची ही पद्धत देशभरातली. पूल नव्हते तेव्हा उतारावर असंच गवत-काडी टाकून गाड्या पार व्हायच्या.

घराला रेती लागायचीच, तेव्हाही लागायची. पण हिशोब बघा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, वजनात साधारण साडेचार टन. रेतीतून जोडी एका खेपेला अर्धा टन ओढते असं धरलं, तर एका ब्रासला नऊ खेपा. दिवसभर बैल मारले तरी एक ब्रास काठावर येणं कठीण. नदीला पहारेकरी लागत नव्हता. तिचं भुसभुशीत पात्रच तिची राखण करत होतं.

हवेचा टायर आल्यावर हे बदललं. रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसानं त्याचं पेटंट १८४५ मध्येच घेतलं होतं, पण तो चालला १८८८ नंतर, बेलफास्टच्या जॉन डनलॉपनं सायकलसाठी बनवला तेव्हा. डनलॉप व्यवसायानं जनावरांचा डॉक्टर होता. पुढे आपल्याकडे बैलांच्या गाडीला त्याच्या नावाच्या कंपनीचे टायर लागले, हा योगायोगच म्हणायचा.

या टायरमागचं गणित सोपं आहे, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. हवेचा टायर जमिनीला जेवढा दाब देतो, तो जवळजवळ त्याच्यातल्या हवेच्या दाबाएवढा असतो. हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीला टेकणारा भाग वाढतो, रुतणं कमी होतं. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये हवा साधारण १२ ते २० पौंड असते. भरलेल्या ट्रकच्या टायरमध्ये १०० च्या वर. म्हणून ट्रॅक्टर रेतीत उतरतो आणि त्याहून कितीतरी जास्त ताकदीचा ट्रक काठावरच बसतो. इंजिनाच्या ताकदीचा इथे फारसा संबंध नाही.

हे जगाला नीट समजावलं ते राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज लष्करी अभियंत्यानं. १९२० च्या दशकात त्याची नेमणूक इजिप्तमध्ये होती. सुट्टीत तो मित्रांना घेऊन साध्या फोर्ड गाड्या वाळवंटात घालायचा. टायरमधली हवा कमी करायची, टेकडीवर वेग घेऊन सरळ चढायचं, आणि फसलंच तर चाकाखाली लोखंडी पन्हळी पत्रे सरकवायचे. आपले तट्टे आणि त्याचे पत्रे, युक्ती एकच! १९३० साली त्यानं लिबियाच्या सीमेवरच्या त्या प्रचंड वालुकासागरात गाड्या नेल्या, जिथे गाडी जाणार नाही असंच सगळे समजत होते. १९४० मध्ये याच अनुभवावर ब्रिटिशांची लाँग रेंज डेझर्ट ग्रुप ही तुकडी उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या शेवरले ट्रकमध्ये चारही चाकांना ताकद नव्हती, फक्त मागच्या चाकांना होती. तरी ते शेकडो मैल रेती तुडवून शत्रूच्या मागे पोहोचायचे. पुढे भारतीय घोडदळातले जवान घेऊन अशीच एक भारतीय तुकडीही तयार झाली. आणि बॅग्नोल्डनं १९४१ मध्ये वाऱ्यानं वाहणाऱ्या रेतीवर जे पुस्तक लिहिलं, ते आजही शास्त्रज्ञ वापरतात.

वाळवंटात टायर निवडतानाही उलटी गोष्ट दिसते. आपल्याला वाटतं गुटके जितके खोल तितकी पकड चांगली. चिखलात ते खरं. कोरड्या खोल रेतीत मात्र खोल गुटक्याचा, कडक हवेचा टायर पकडण्याऐवजी खोदतो. एक फेरा जास्त दिला की चाकाखाली खड्डा तयार. रेतीसाठी टायर रुंद, नरम बाजूंचा आणि उथळ नक्षीचा लागतो. मागे जोडटायर असतील तर आणखी अडचण : पुढचं चाक एक चाकोरी दाबून देतं, पण मागच्या जोडीला तिच्या शेजारची न दाबलेली रेती नव्यानं दाबावी लागते. म्हणून वाळवंटातल्या कितीतरी लष्करी ट्रकना मागे एकेकच मोठा टायर असतो.

मग आपला दहा चाकी टिप्पर, जोडटायर, १०० पौंड हवा, वैनगंगेत मधोमध जाऊन कसा उभा राहतो?

मुरूम. एवढंच उत्तर आहे.

काठ तोडून उतार काढतात, त्यावर मुरूम, आणि तोच मुरमाचा रस्ता रेतीवरून थेट धारेपर्यंत नेतात. टायर रेतीला जुळवून घेण्याऐवजी नदीच टायरला जुळवून घेते. टायरची बंडी आली तेव्हा नदीचं फार काही गेलं नाही. ट्रॅक्टर-ट्रॉली आली तेव्हा खेप एका ब्रासची झाली, म्हणजे बंडीच्या नऊ खेपा एकदम. पण तोवरही ट्रॉली फसायची, काठाजवळूनच भरायची. मुरमाचा रस्ता झाला आणि चार ब्रासचा टिप्पर आत गेला, म्हणजे बंडीच्या छत्तीस खेपा, त्याही काही मिनिटांत. राखण तिथे संपली.

तो रस्ता पावसाळ्याआधी काढला नाही तर पुराचं पाणी त्याला वळसा घालून समोरचा काठ खातं. शिवाय रेती ही नदीची टाकी आहे. तिच्या पोटात पाणी राहतं म्हणून उन्हाळ्यात झिरा खोदला तर पाणी लागतं, काठच्या विहिरी टिकतात. गोंदिया शहराला पाणी डांगोरलीजवळून याच नदीतून येतं, हे शहरातल्या मंडळींनी लक्षात ठेवावं.

कायद्यानं काय केलं? जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ मध्ये चोरीच्या रेतीवर बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड आहे. सर्वोच्च न्यायालयानं २७ फेब्रुवारी २०१२ ला दीपक कुमार खटल्यात छोट्या घाटांनाही पर्यावरण परवानगी लागेल असं सांगितलं. २०२३ मध्ये सरकारनं ६०० रुपये ब्रासनं डेपोवरून रेती द्यायचं ठरवलं, २०२५ मध्ये डेपो बंद करून पुन्हा लिलाव आणला. भावावर भरपूर चर्चा झाली. पात्रात कोणतं चाक किती आत जाणार, यावर तेवढी झाली नाही.

आणि नदीबाहेरचा रस्ता. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर भरलेले ट्रक फिरवून मोठी चाचणी झाली. त्यातून निघालं की एका आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, जवळपास सोळा पट होतं. दहा चाकी टिप्परचं भरलेलं वजन कायद्यानं साडेअठ्ठावीस टन. गाडीचं वजन वजा केलं तर चार ब्रासच्या आसपास बसतं. त्यात सहा ब्रास कोंबून तो ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावरून गेला, की डांबर का उखडतं ते सांगायला नको. रस्ता खचला की आपण ठेकेदाराला शिव्या देतो. त्यातल्या थोड्या रेतीवाल्यालाही द्यायला हव्यात.

आता एक गोष्ट ट्रॅक्टरवाल्या पोरांसाठी, आणि ही जिवाची आहे. मी स्वतः बाघ नदीच्या पात्रात हे होता होता राहिलेलं पाहिलं आहे. मागची चाकं रुतली, तर चाकाला लाकूड किंवा साखळी बांधून झटक्यानं क्लच सोडू नका. चाक फिरू शकलं नाही तर ट्रॅक्टरच त्याच्याभोवती फिरतो. पुढचं तोंड उचलतं आणि सेकंद-दीड सेकंदात ट्रॅक्टर मागे पलटून ड्रायव्हरवर येतो. उडी मारायला वेळच मिळत नाही. चाक जागेवर फिरायला लागलं की लगेच रेस सोडा. ट्रॉली सोडवा, नाहीतर रेती खाली करा. चाकासमोरची रेती फावड्यानं काढून उतार करा, तणीस किंवा फांद्या टाका आणि आलात त्याच चाकोरीतून हळू मागे घ्या. हवा कमी केली असेल तर डांबरावर चढायच्या आधी परत भरा. कमी हवेचा भरलेला टायर वेगात तापतो आणि फुटतो. १९४२ च्या अमेरिकन डकडब्ल्यू या पाण्यात-जमिनीवर चालणाऱ्या ट्रकमध्ये चालकाला जागेवर बसूनच हवा कमी-जास्त करायची सोय होती, ती याच कारणासाठी. आपल्याकडे त्यासाठी काठावर पंप लागतो, आणि रात्री दोन वाजता धावपळीत पंप कोण आणतो? बहुतेक अपघात त्या घाईतच होतात. पोरगा रोजीवर असतो, गाडी दुसऱ्याची असते.

पुढच्या ग्रामसभेत तुमच्या घाटाचा विषय निघाला तर भाव आणि रॉयल्टी विचाराच. सोबत हेही विचारून नोंदवून घ्या : काठ कुठे तोडणार, मुरूम पात्रात किती मीटर आत नेणार, त्यावरून ट्रॅक्टर जाणार की टिप्पर, आणि १० जूनच्या आत तो मुरूम कोण उचलून नेणार.