फ्रीबीएसडीवर गेम चालतात का?

फ्रीबीएसडी टाकलेल्या माणसाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. चालतात. पण ते कसे चालायला लागले, ती गोष्ट जरा आडवळणाची आहे.

1993 साली बर्कलीच्या युनिक्समधून निघालेल्या फ्रीबीएसडीची पहिली आवृत्ती आली. त्याच वर्षी बॉब अ‍ॅमस्टॅट यांनी ‘वाइन’ सुरू केलं, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायची सोय. वर्षभरात सूत्रं अलेक्झांद्र ज्युलियार यांच्याकडे गेली. वाइन नकली कॉम्प्युटर उभा करत नाही. गेमच्या सूचना प्रोसेसरवर थेटच चालतात. गेम विंडोजकडे जे मागतो (फाइल उघड, खिडकी काढ, आवाज दे) तेवढं वाइन मधल्यामध्ये झेलतं आणि खालच्या सिस्टिमकडून करवून घेतं. म्हणून लिनक्ससाठी लिहिलेलं हे काम बीएसडीवरही आणता आलं.

वाइनचं सुरुवातीचं लायसन्स बीएसडीच्याच वळणाचं होतं: कोड घ्या, बदला, विका, परत काही द्यायची सक्ती नाही. ट्रान्सगेमिंग या कंपनीने वाइन घेऊन त्यात डायरेक्ट थ्रीडीचं काम केलं आणि गेम खेळणाऱ्यांना ‘वाइनएक्स’ म्हणून पैसे घेऊन दिलं. त्यातला मोक्याचा कोड मूळ वाइनकडे तशाच मोकळ्या अटींवर परतला नाही. कायद्याने यात काहीच गैर नव्हतं, पण काहींना हे आयत्या बिळावर नागोबा वाटलं. मार्च 2002 मध्ये वाइन एलजीपीएलवर गेलं. आता बदल करून वाटलंत, तर बदलांचा कोडही द्यायचा. जुन्या लायसन्सवाल्यांनी ‘रीवाइंड’ नावाची वेगळी शाखा काढली, पण ती फार तगली नाही. वाइन 1.0 यायला मात्र 2008 उजाडलं. पंधरा वर्षं!

फ्रीबीएसडीवर आणखी एक अडचण होती. मशीन 64 बिटची, जुने गेम 32 बिटचे, आणि एकाच पॅकेजमधून दोन्ही चालत नसत. पुढे 32 बिटचं वाइन होम फोल्डरमध्ये वेगळं उतरवून देणारी एक स्क्रिप्ट आली. पहिल्यांदा ती चालवताना मी 32 बिटचं ‘मेसा’ टाकायला विसरलो आणि तासभर काळ्या खिडकीकडे बघत बसलो.

2018 मध्ये व्हॉल्व्हने वाइनवर उभारलेलं ‘प्रोटॉन’ आणलं. लक्ष्य लिनक्स होतं, पण त्या निमित्ताने झालेल्या बऱ्याच सुधारणा मूळ वाइनमध्ये आल्या आणि तिथून आमच्यापर्यंतही. बीएसडीवाले ज्या लायसन्सला जाचक म्हणून नाकं मुरडतात, त्याच लायसन्सखालचा हा कोड.

आणि ज्या मोकळ्या लायसन्सचा आम्हाला अभिमान, त्याचं काय? 2013 च्या प्लेस्टेशन 4 ची सिस्टिम फ्रीबीएसडीवरून बनवलेली आहे. तिचे गेम फ्रीबीएसडीवर चालत नाहीत, आणि ते चालवून द्यायला सोनी बांधील नाही. माझ्या एका मित्राकडे ते यंत्र आहे. “तू फ्रीबीएसडीवरच खेळतोयस,” असं त्याला सांगितलं, तर म्हणाला, “मग तुला एवढी खटपट का करावी लागते?”