एका खेळयंत्राची बखर

माझ्या भाषणाचा विषय ऐकून तुमच्यापैकीं कांहींना हंसूं येईल. ज्या मास्तरानें तीस-बत्तीस वर्षें मुलांना इतिहास शिकविला, त्यानें उतारवयांत मुलांच्या टीव्हीवरील खेळांविषयीं बोलावें, हें कालमाहात्म्यच म्हणावयाचें! परंतु इतिहास म्हणजे केवळ राजांच्या वंशावळी आणि लढायांच्या तारखा नव्हेत. माणसें काय खात होतीं, काय लेत होतीं आणि त्यांचीं मुलें काय खेळत होतीं, हेंहि इतिहासांतच येतें. मोहेंजोदडो येथील उत्खननांत सांपडलेले मातीचे इवलाले गाडे आणि फांसे आपण काचेच्या कपाटांत आदरानें मांडून ठेवतों. मग ज्या खेळण्यानें जगांतील कोट्यवधि मुलांचें बालपण व्यापलें, त्याची चार शब्दांची बखर कोणी सांगूं नये काय? शिवाय या विषयाशीं माझा एक जुना अपराध निगडित आहे. तो मी शेवटीं सांगणार आहें.

या बखरीचा आरंभ पत्त्यांच्या डावापासून होतो. जपानांतील क्योतो नगरांत १८८९ सालीं फुसाजिरो यामाउची नांवाच्या गृहस्थानें 'हानाफुदा', म्हणजे फुलांच्या चित्रांचे पत्ते, करण्याचा धंदा मांडला. हीच पुढें निंटेंडो कंपनी झाली. १९४९ सालीं त्याचा पणतू हिरोशी यामाउची ऐन तारुण्यांत या धंद्याच्या गादीवर आला. १९६५ सालीं कारखान्यांतील पत्ते करण्याच्या यंत्रांची देखभाल करण्यासाठीं गुनपेई योकोई हा तरुण नोकरीस लागला. फावल्या वेळांत त्यानें लांबची वस्तु पकडणारा, लांबणारा-आखडणारा एक चिमटा केला होता. मालकाच्या तो दृष्टीस पडला. नोकरास बोल लावण्याऐवजीं मालकानें १९६६ सालीं तें खेळणें बाजारांत आणविलें! नव्या व महाग सामग्रीच्या मागें न लागतां जुनी, स्वस्त व कसास उतरलेली वस्तु घ्यावी आणि कल्पना मात्र नवी लढवावी, हें योकोईचें सूत्र होतें. पुढें या घराण्याच्या सर्व खेळण्यांवर त्या सूत्राची छाप पडली. बोटानें चारी दिशा दाखविणारी अधिक-चिन्हाच्या आकाराची कळ १९८२ सालीं त्यानेंच एका हातांत मावणाऱ्या खेळांत प्रथम बसविली.

आपल्या कथेचा नायक त्यानंतर वर्षानें जन्मास आला. मासायुकी उएमुरा या अभियंत्यानें घडविलेलें 'फॅमिली कॉम्प्युटर' नांवाचें यंत्र १५ जुलै १९८३ रोजीं जपानांत विक्रीस आलें. किंमत होती १४,८०० येन. लोकांनीं त्याचें नांव आटोपशीर करून 'फॅमिकॉम' केलें. पांढरी व तांबूस रंगाची ती एक पेटी. तिला तारेनें बांधलेले दोन हातकळफलक, आणि वरच्या खांचेंत खेळाची कॅसेट बसविली कीं घरचा टीव्ही क्रीडांगण होई.

या पेटीचें दारिद्र्य किती होतें, हें समजल्यावांचून तिची थोरवी समजणार नाहीं. यंत्रास काम करतांना जी तात्पुरती स्मृति लागते, ती या पेटीपाशीं अवघी २,०४८ अक्षरें मावतील एवढीच होती. शाळेच्या वहीच्या दोनएक पानांचा मजकूर म्हणा ना! आणि पेटी बंद केली कीं तेवढीहि पुसली जाई. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर कारागिरांनीं जग उभें केलें.

याच सुमारास, १९८३ सालीं, अमेरिकेंत टीव्हीच्या खेळांचा बाजार कोसळला होता. निकृष्ट खेळांचा एवढा सुकाळ झाला कीं अटारी कंपनीनें आपला न खपलेला माल न्यू मेक्सिको संस्थानांत जमिनींत पुरला. २०१४ सालीं तो उकरून काढण्यांत आला, तेव्हां पुरातत्त्वज्ञ तेथें उपस्थित होते. अशा उजाड बाजारांत ऑक्टोबर १९८५ मध्यें निंटेंडोनें आपलें यंत्र राखाडी वेषांत न्यूयॉर्क शहरीं नेलें आणि तें रुजलें. जपानी व परदेशी दोन्ही रूपें मिळून या यंत्राच्या ६ कोटि १९ लाख प्रती खपल्या.

आपल्याकडे मूळ यंत्र क्वचितच दिसे. १९९०च्या दशकांत आलीं तीं त्याच्या बरहुकूम केलेलीं स्वस्त अनुकरणें. नक्कल ती नक्कल. पण खेळ तेच होते. कॅसेटीच्या वेष्टनावर '९९९९ खेळ' असें ठळक छापलेलें असे, आणि उघडून पाहावें तों तेच ते खेळ नांवें बदलून पुन्हा पुन्हा आलेले असत. कॅसेट चालेनाशी झाली कीं मुलें तिच्या तोंडांत फुंकर मारीत. ही विद्या त्यांना कोणी शिकविली नव्हती. पण जपानांतील व अमेरिकेंतील मुलेंहि नेमकें हेंच करीत होतीं.

आतां या यंत्राच्या आवडत्या खेळांपैकीं दोनतीन पाहूं. पहिला मान अर्थात् मारिओचा. शिगेरू मियामोतो यानें १९८१ सालीं 'डाँकी काँग' या खेळासाठीं हें पात्र निर्माण केलें. तेव्हां तो सुतार होता. नळ-दुरुस्तीचा धंदा त्यानें मागाहून धरला. मोजक्या ठिपक्यांत केस नीट काढतां येईनात, म्हणून त्याला टोपी घातली. नाक व तोंड वेगळें दिसेना, म्हणून मिशा ठेवल्या. जगप्रसिद्ध झालेला हा चेहरा अशा रीतीनें अडचणींतून जन्मला. १३ सप्टेंबर १९८५ रोजीं आलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा सबंध खेळ, चित्रें धरून, अवघ्या चाळीस हजार अक्षरांएवढ्या जागेंत बसविला आहे. छापील पुस्तकाचीं वीसपंचवीस पानें तेवढी जागा घेतील. त्यांतील आकाशांतला ढग आणि जमिनीवरचें झुडूप हें एकच चित्र आहे. रंग तेवढा निराळा. गरिबाघरची गृहिणी एकाच लुगड्याची उशीहि करते आणि गोधडीहि करते, तसेंच हें.

या खेळाचा पहिला टप्पा मीं निवृत्तीनंतर प्रथमच लक्ष देऊन पाहिला आणि थक्क झालों. आरंभीं मारिओ डावीकडे उभा असतो, उजवीकडे मोकळी जागा असते. म्हणून मूल आपोआप उजवीकडे चालूं लागतें. समोरून एक लहानसा शत्रु येतो. मूल थांबून राहिलें तर मरतें, आणि पुन्हा आरंभापासून येतें. पण त्यांत त्याचें फारसें नुकसान होत नाहीं. दुसऱ्या वेळीं तें उडी मारतें. उडी शत्रूच्या डोक्यावर पडली कीं शत्रु चिरडला जातो, हें त्याला कळतें. नियमाचा एक शब्दहि पडद्यावर लिहिलेला नसतो. 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हें अध्यापनाचें सूत्र मीं पाठाच्या टिपणांत शेंकडों वेळां लिहिलें असेल. तें इतक्या चोखपणें पाळलेलें मीं माझ्या स्वतःच्या वर्गांतहि क्वचितच पाहिलें.

दुसरा खेळ 'काँट्रा'. कोनामी कंपनीनें १९८७ सालीं तो प्रथम नाण्यावर चालणाऱ्या मोठ्या यंत्रासाठीं केला आणि १९८८ सालीं तो घरच्या यंत्रावर आला. त्यांत दोन शिपाई दोन खेळाडू मिळून चालवितात. एका टप्प्यांत धबधब्याच्या कडेनें उड्या मारीत वर चढावयाचें असतें. जो पुढें जाईल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो, आणि मागें राहिलेला गडी खालच्या कांठाखालीं जाऊन मरतो. तेव्हां पुढच्यानें मागच्यासाठीं थांबलेंच पाहिजे! थोरल्या भावानें धाकटीसाठीं थांबावें, हें आईबापांनीं सांगून जें साधत नसे, तें या धबधब्यानें किती घरांत साधलें असेल! याच खेळांतील एक मंत्र माझ्या विद्यार्थ्यांना पाढ्यांहून पक्का येत असे: वर, वर, खालीं, खालीं, डावें, उजवें, डावें, उजवें, बी, ए. तो म्हटला कीं तीनाच्या ठिकाणीं तीस जीव मिळत. हा मंत्र मूळचा १९८६ सालच्या 'ग्रॅडियस' या खेळांतला. काझुहिसा हाशिमोतो या कारागिरास खेळ तपासून पाहावयाचा होता, आणि तो खेळ त्याला स्वतःलाच फार अवघड जात होता. म्हणून त्यानें ही पळवाट केली, आणि ती तशीच राहून गेली.

तिसरा खेळ माझ्या अपराधाशीं संबंधित आहे. नामको कंपनीचा, १९८५ सालचा, 'बॅटल सिटी'. आपल्याकडे मुलें त्याला नुसतें 'टँक' म्हणत. मैदानाच्या तळाशीं मध्यभागीं एक गरुडाचें चिन्ह असतें, भोंवतीं विटांचा तट असतो. वरच्या बाजूनें शत्रूचे रणगाडे येतात. प्रत्येक टप्प्यांत वीस. त्यांना मारून गरुड राखावयाचा. असे ३५ टप्पे आहेत. परंतु याची खरी गंमत निराळीच आहे. खेळणाऱ्यास स्वतःचें मैदान रचण्याची यांत सोय आहे. तेरा आडव्या आणि तेरा उभ्या चौकटी. त्यांत वीट, पोलाद, पाणी, झाडी, बर्फ हवें तेथें मांडावें आणि मग आपणच रचलेल्या किल्ल्यांत लढावें. दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला करणाऱ्या आपल्या मुलांना हा खेळ परका कसा वाटावा?

मात्र पेटी बंद केली कीं किल्ला पुसला जाई. यंत्रास स्मृति नव्हती, म्हणून मुलांनीं त्याला स्वतःची स्मृति दिली. जपानांत १९८६ सालीं 'ड्रॅगन क्वेस्ट' नांवाचा दीर्घ कथेचा खेळ आला. तो एका बैठकींत संपण्याजोगा नव्हता. म्हणून खेळ थांबवितांना यंत्र वीस अक्षरांचा एक 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' देई. तो वहींत उतरून घ्यावयाचा आणि पुढल्या वेळीं जसाच्या तसा भरावयाचा. एक अक्षर चुकलें कीं सारी वाटचाल व्यर्थ! शुद्धलेखनाचें महत्त्व मुलांना याहून प्रभावी रीतीनें कोणत्या मास्तरानें पटविलें असेल? पुढें १९८७ सालीं अमेरिकेंत आलेल्या 'झेल्डा'च्या कॅसेटींत लहानशी विजेरी बसविलेली होती. तिच्या बळावर खेळाची आठवण टिकूं लागली. पण टँकच्या किल्ल्याला ना मंत्र होता, ना विजेरी. त्याला कागदच हवा होता.

आतां अपराध सांगतों. १९९६ सालीं मी चौथीच्या वर्गास शिवचरित्र शिकवीत होतों. राजगडाचा पाठ चालला होता. त्याच्या तीन माच्या, बालेकिल्ला, संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी, हें सर्व मीं फळ्यावर काढून दाखविलें होतें. दुसऱ्या दिवशीं एक मुलगा मागच्या बांकावर गणिताच्या चौकटींच्या वहींत कांहीं रंगवीत बसलेला आढळला. "हें काय?" म्हणून विचारतां, "गुरुजी, टँकचा गेम आहे," असें तो खालीं मान घालून म्हणाला. मीं सर्व वर्गासमोर तो कागद फाडला. तेवढ्यावर न थांबतां वडिलांना बोलावून समज दिली. त्यांनीं तें यंत्र माळ्यावर टाकलें. मला वाटलें, आपण एक मूल सुधारलें.

२०२२ सालीं माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत तो भेटला. आतां तो छत्तीस वर्षांचा गृहस्थ होता. पाया पडून, हंसत हंसत म्हणाला, "गुरुजी, तो राजगड होता. तुम्हीं सांगितलेला दुहेरी तट मीं गरुडाभोंवतीं घातला होता. लाइट गेली कीं सगळें पुसून जायचें, म्हणून कागदावर ठेवत होतों." त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, माझ्या मात्र तोंडून शब्द फुटेना. त्या एका पाठाचें माझ्या साऱ्या वर्गांतून आलेलें खरें उत्तर तेवढेंच होतें, आणि तें मीं फाडून टाकलें होतें. ज्याला राजगडाचा नकाशा ओळखतां आला नाहीं, तो मास्तर इतिहास कसला शिकवीत होता?

त्यानंतरच मीं या यंत्राविषयीं मिळेल तें वाचूं लागलों. त्याचें उत्पादन २००३ सालीं थांबलें, आणि २००७ सालीं कंपनीनें त्याची दुरुस्तीहि बंद केली. मात्र एक गोष्ट वाचून मला समाधान वाटलें. यंत्राचा कर्ता उएमुरा २००४ सालीं कंपनींतून निवृत्त झाल्यावर क्योतो येथील रित्सुमेइकान विद्यापीठांत प्राध्यापक म्हणून शिकवीत होता, आणि तेथें खेळांचा अभ्यास व जतन करणाऱ्या केंद्राची धुराहि त्यानें वाहिली. डिसेंबर २०२१ मध्यें तो वारला. खेळणें घडविणारा कारागीर अखेरीस मास्तर झाला. आणि मी मास्तर असून खेळण्याकडून शिकावयास मला निवृत्त व्हावें लागलें.

श्रोतेहो, तुमच्या माळ्यावर अशी एखादी पेटी पडली असेल, तर ती भंगारांत देण्यापूर्वीं तिच्यावर खेळलेल्या मुलाला चार गोष्टी विचारा. तीं मुलें आतां चाळिशीकडे आलीं आहेत. कोणी विचारलें तर सांगतील. त्यांच्या जुन्या वह्यांत कांहीं चौकटी, कांहीं बाण दिसले, तर पान फाडूं नका.

मेळाव्याच्या त्या सायंकाळीं मीं एका कागदावर तेरा उभ्या आणि तेरा आडव्या चौकटी आंखून त्या विद्यार्थ्यापुढें ठेवल्या आणि म्हटलें, "बाळ, तो किल्ला पुन्हा काढून दे." त्यानें पेन्सिल घेतली. तळाशीं गरुड काढला. भोंवतीं दुहेरी तट काढला. मग बराच वेळ तो कागदाकडे पाहत राहिला. पुढचें त्याला आठवेना. बाकीच्या चौकटी कोऱ्याच राहिल्या. तो अर्धा राजगड मीं जपून ठेवला आहे.