नाइट गार्डची कुळकथा

राजाजीनगर ही बंगळुरूची जुनी वसाहत. कामगार विम्याचं, म्हणजे ई.एस.आय.चं मोठं रुग्णालय इथलंच. इथल्या एखाद्या दंतवैद्याकडे ‘सकाळी जबडा आखडतो, घरचे म्हणतात रात्री करकर दात खाता’ अशी तक्रार घेऊन गेलं, की डॉक्टर झिजून सपाट झालेले सुळे आरशात दाखवतात आणि दातांचं माप घेतात. पुढच्या खेपेला हातात पडते पारदर्शक अक्रिलिकची कमान. कुणी तिला नाइट गार्ड म्हणतं, कुणी स्प्लिंट.

तिचा जन्म मात्र दात खाण्यावरचा उपाय म्हणून झालेला नाही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. गोळी लागून जबडा मोडलेल्या सैनिकाला नुसती पट्टी बांधून भागत नसे. हाड वाकडं जुळे आणि चावणं कायमचं बिघडे. गंधकासोबत शिजवून कडक केलेलं रबर, म्हणजे व्हल्कनाइट, तेव्हा कवळ्यांसाठी नुकतंच रुळलं होतं. अटलांटात जेम्स बॅक्स्टर बीन आणि न्यूयॉर्कमध्ये थॉमस ब्रायन गनिंग या दोन दंतवैद्यांनी ते मोडक्या जबड्यासाठी वापरलं. तुटलेल्या जबड्याचा प्लास्टरचा साचा काढायचा, तो मोडलेल्या जागी कापून दात बरोबर जुळवायचे आणि त्या जुळणीवर स्प्लिंट घडवायची, अशी ही रीत. 1865 साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम सीवर्ड यांचा जबडा बग्गीच्या अपघातात मोडला, तेव्हा गनिंगनी त्यांना अशीच स्प्लिंट बसवली.

मोडलेल्या हाडाचा हा आधार धडधाकट दातांवर आला तो व्हिएन्नात. मोरित्झ कारोली यांनी 1901 साली हिरड्यांच्या रोगाचा संबंध रात्रीच्या दात आवळण्याशी जोडला आणि दातांवर आच्छादन घालण्याचा उपाय पुढे आणला. 1930च्या दशकात अक्रिलिक आलं आणि हे आच्छादन घडवणं, घासणं, दुरुस्त करणं सोपं झालं. पुढे मिशिगन विद्यापीठात रामफ्योर्ड आणि अ‍ॅश यांनी त्याला आजचा घाट दिला. वरच्या सगळ्या दातांवर कडक, सपाट पृष्ठभाग, आणि जबडा बाजूला सरकला की फक्त सुळ्यांनी टेकायचं.

या घाटाची खरी कसोटी खुर्चीत लागते. डॉक्टर रंगीत कागद दातांमध्ये धरून ‘चावा’ म्हणतात. जिथे ठिपका गडद उमटतो तिथे भार जास्त, म्हणून तेवढंच अक्रिलिक घासायचं. पुन्हा कागद, पुन्हा घासणी. दोन्ही बाजूंचे ठिपके सारखे उमटेपर्यंत हे चालतं. ही मेहनत टाळली, तर महागातली स्प्लिंटही डबीतच राहते.

मुलं झोपेत दात खाऊ लागली की आपल्याकडे पोटातल्या जंतांना दोष देतात. दंतवैद्यांनी बराच काळ दातांच्या जुळणीला दिला, आणि त्यापायी चांगले दातही घासले गेले. 2001 साली लोब्बेझू आणि नाये या डच संशोधकांनी पुरावे तपासून सांगितलं, की झोपेतल्या या हालचालीची सूत्रं मुख्यतः मेंदूतून हलतात. त्याआधी, 1996 साली, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेनेही जबड्याच्या दुखण्यात आधी परतवता येतील असेच उपचार करावेत, असा कौल दिला होता.

त्यामुळे स्प्लिंटकडून किती अपेक्षा ठेवायची, हे नीट कळतं. ती दात खाणं थांबवत नाही. झीज स्वतःवर घेते आणि अनेकांच्या सांध्याला, स्नायूंना आराम देते. ती नकोशी झाली तर काढून ठेवता येते. घासून काढलेला दात मात्र पुन्हा उगवत नाही. म्हणून जबडा दुखतो एवढ्यावरून कुणी दात घासून जुळणी बदलायला सांगितलं, तर आधी स्प्लिंटचं विचारावं. दीडशे वर्षांच्या अनुभवाने रुग्णाच्या पदरात टाकलेला हा हक्क आहे.