ऊब, वीज आणि दोषाचा माग

घर तापवावें लागतें, ही गोष्ट मुंबईच्या दमट हवेंत वाढलेल्या श्रोत्यास नवलाची वाटेल. परंतु अमेरिकेच्या विस्कॉन्सिन संस्थानांत हिवाळा म्हणजे जिवाशींच गांठ. तेथील व्हाइटवॉटर गांवच्या अध्यापन-विद्यालयांत तळघरांतील भट्टीवर वर्ग तापत. ऊब पाहण्यासाठीं नोकर खोल्याखोल्यांतून हिंडे, आणि मग जिना उतरून झडपा हलवी. ही येरझार वॉरेन जॉन्सन या प्राध्यापकास खटकली. खोलींतील उष्णतामान बदलतांच तळघरांत घंटा वाजविणाऱ्या विद्युत्-यंत्राचें पेटंट त्यानें १८८३ मध्यें मिळविलें.

दोन वर्षांनीं मिनिआपोलिस येथें आल्बर्ट बुट्झ यानें नोकरालाहि रजा दिली. त्याच्या यंत्रांत खोली थंड होतांच थर्मोस्टॅट विद्युन्मंडल जोडी, चुंबक अडणी ओढून घेई, किल्ली दिलेलें यंत्र अर्धा फेरा फिरे आणि साखळीनें भट्टीची झडप उघडे. ऊब आली कीं आणखी अर्धा फेरा, झडप बंद.

सोय मोठी, पण तिच्याबरोबर एक कोडें घरांत शिरलें. पूर्वीं झडप अडकली तर ती डोळ्यांना दिसे. आतां बिघाड वरच्या खोलींत आणि परिणाम तळघरांत! घट क्षीण झाला, कीं झडप असेल तशीच राही. त्या एकाच दोषानें घर गारठे किंवा भाजून निघे.

पुढील यंत्रज्ञांची खरी करामत ही, कीं त्यांनीं दोषाला दिशा दिली. दोन भिन्न धातूंच्या वेटोळ्याचा एक सांधा तापविला तर होकायंत्राची सुई हलते, हें झेबेकनें १८२१ मध्यें पाहिलें होतें. तोच गुण ग्यासच्या चिमुकल्या ज्योतीजवळ कामीं आला. ज्योत पेटती असे तोंवर थर्मोकपलांतून व्होल्टाचा जेमतेम चाळिसावा हिस्सा मिळे. तेवढ्यावर चुंबक ग्यासची झडप उघडी धरी. ज्योत विझो, तार तुटो वा सांधा सैल होवो, झडप मिटे. घर थंड पडे, पण माणसें वांचत.

यावरूनच दोष शोधण्याची रीत ठरली. अमेरिकन घरांत थर्मोस्टॅटच्या तारांत बहुधा २४ व्होल्टच असतात. भट्टी मुकी राहिली, तर कारागीर वीज बंद करून त्या दोन तारा भट्टीपाशींच एकमेकींस जोडतो आणि वीज पुन्हां सोडतो. ज्वाला आली तर दोष वर, न आली तर खालीं. अर्धें घर क्षणांत निर्दोष ठरतें. मग ट्रान्सफॉर्मर, फ्यूज, रिले असा एकेक टप्पा मापकानें तपासावयाचा. बटण सोडतांच ज्योत विझत असेल, तर पहिला संशय थर्मोकपलवर.

ब्रिटिश घरांत मात्र त्याच तारांत पुष्कळदां २३० व्होल्ट असतात. तेथें ही जोडाजोड हौशी माणसाचें काम नव्हे. आणि अतितापाचा स्विच जोडतारेनें बाजूस सारून भट्टी चालविणें कोठेंहि घातकच. बुट्झच्या काळीं कोळसा तरी जळून संपे. नळाचा ग्यास तसा संपत नाहीं. पाण्याच्या बॉयलरांत तो स्विच वारंवार सुटतो, तेव्हां पुष्कळदां तो बिघडलेला नसतोच. पंप थांबलेला असतो, पाणी फिरत नसतें, आणि स्विच तेंच सांगत असतो.